राइट क्लिकचा मेनू आणि आपली नोंद

या स्मरणिकेच्या तयारीच्या काळात आपल्या वसतिगृहातील नववीच्या काही मुलामुलींनी माजी विद्यार्थ्यांच्या नावांचे एक लहानसे वेबपान तयार केले. संगणकाच्या तासाला शिकलेल्या एचटीएमएलच्या आधारे त्यांनी नावे, गावे आणि उत्तीर्ण झाल्याची वर्षे एका तक्त्यात मांडली. पान पडद्यावर उघडले, तेव्हा एका आडनावातील एक अक्षर गळाल्याचे माझ्या लक्षात आले. जवळच्या विद्यार्थिनीला मी ते दुरुस्त करण्यास सांगितले. तिने फाइलवर दोनदा क्लिक केले. पान ब्राउझरमध्ये उघडले. चुकलेल्या शब्दावर तिने माउस नेला, कळा दाबून पाहिल्या. परंतु अक्षर जागचे हलले नाही. अखेर ती म्हणाली, "सर, हे आता छापलं गेलंय. इथं खोडता येत नाही."

मी इतिहासाचा शिक्षक. त्या वाक्याने मला संगणकापेक्षा शाळेच्या जुन्या दाखल्यांची आठवण झाली. आमच्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. माझीही तीच आहे. नाव घालायला आलेल्या आईला तारीख सांगता आली नाही, तेव्हा शाळा सुरू होण्याच्या महिन्याशी वयाचा मेळ घालून गुरुजींनी ती लिहून टाकली. आमच्या वाडवडिलांची नावे तर गावाने ज्या तुच्छतेने उच्चारली, त्याच रूपात रजिस्टरात उतरली. नोंद दुसऱ्याने केली आणि 'आता लिहिले गेले' असे मानून आम्ही ती आयुष्यभर वागवली. म्हणून त्या मुलीचे वाक्य मला साधे वाटले नाही. संगणकावरील जवळजवळ प्रत्येक नोंद वाचता येते, आणि तिचे योग्य दार सापडले तर ती बदलताही येते. ते दार माउसच्या उजव्या बटणाखाली कसे आणून ठेवावे, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

एक फाइल, दोन दारे

वेबपानाची फाइल म्हणजे मुळात साधा मजकूर असतो. त्या मजकुरात नावे असतात, आणि 'येथून तक्ता सुरू', 'येथे ओळ संपली' अशा खुणाही असतात. ब्राउझर त्या खुणा वाचतो आणि आपल्यासमोर सजवलेले पान मांडतो. वाचकासाठी तेवढे पुरेसे आहे. लिहिणाऱ्याला मात्र खुणांसकट मूळ मजकूर दिसला पाहिजे. तो दाखवणाऱ्या साधनाला कोड एडिटर म्हणतात. हा एडिटर मजकुरात स्वतःची कोणतीही सजावट मिसळत नाही. ओळींना क्रमांक देतो आणि खुणा वेगळ्या रंगात दाखवतो, त्यामुळे चूक चटकन सापडते. डॉन हो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला नोटपॅड प्लस प्लस आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे दोन एडिटर जगभर वापरले जातात. दोन्ही विनामूल्य मिळतात.

फाइलवर दोनदा क्लिक केले की ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, हे विंडोज तिच्या नावाच्या शेपटीवरून ठरवते. शेपटी एचटीएमएल असेल तर ब्राउझर, चित्राची असेल तर चित्रे दाखवणारा प्रोग्रॅम. हे नाते बदलता येते. पण वेबपानासाठी एडिटर कायमचा नेमला, तर दोनदा क्लिक केल्यावर सजवलेले पान दिसणार नाही. एक दार उघडताना दुसरे बंद होते. मेनूतील 'ओपन विथ' या पर्यायातून दर वेळी एडिटर निवडता येतो. मात्र दिवसातून पन्नास वेळा तोच खटाटोप करावा लागला, की मुले कंटाळतात आणि दुरुस्तीच टाळू लागतात. त्यापेक्षा राइट क्लिकच्या मेनूत एक कायमची ओळ वाढवणे चांगले. त्याने जुने दार तसेच राहते आणि नवे दार हाताशी येते.

मेनू आला कोठून?

९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी भरसभेत माउसचे प्रात्यक्षिक दाखवले. त्या माउसला तीन बटणे होती. माणसांची एकत्रितपणे विचार करण्याची शक्ती संगणकाने वाढवावी, हा त्यांच्या संशोधनाचा हेतू होता. पुढे १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही प्रणाली विकसित झाली. माउसचे बटण दाबताच त्याच जागी कामांची यादी उघडावी, ही कल्पना तेथे प्रत्यक्षात आली. १९८४ मध्ये ॲपलने मॅकिंटॉश आणला तो एकाच बटणाचा माउस घेऊन. नवख्या माणसाचा गोंधळ होऊ नये, हा त्यामागचा विचार. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने उजव्या बटणाला स्वतंत्र काम दिले, आणि हा मेनू घरोघरी, कचेरीकचेरीत पोहोचला.

मेनू हा शब्द उपाहारगृहातला. तेथे आपण यादी वाचतो आणि त्यातीलच काही मागवतो; यादी लिहिण्याचा अधिकार आपला नसतो. संगणकाचा मेनूही आपण त्याच वृत्तीने वापरतो. विंडोजने मात्र ही यादी बंद ठेवलेली नाही. यादीतील पुष्कळशा ओळी एका नोंदवहीत लिहिलेल्या असतात आणि तेथे आपल्यालाही लिहिता येते.

नोंदवहीची रचना

या नोंदवहीचे नाव रजिस्ट्री. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती मर्यादित स्वरूपात होती. विंडोज ९५ पासून ती साऱ्या प्रणालीची मध्यवर्ती नोंदवही झाली. शाळेच्या कार्यालयातील कपाटाशी तिची तुलना करता येईल. कपाटात कप्पे, कप्प्यात फायली आणि फायलीत नोंदी असतात. रजिस्ट्रीत कप्प्याला 'की' म्हणतात आणि नोंदीला 'व्हॅल्यू'.

दोन कपाटे आपल्या कामाची आहेत. एक 'लोकल मशीन'चे, म्हणजे संगणक वापरणाऱ्या सर्वांचे. त्यात लिहिण्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी लागते. दुसरे 'करंट युजर'चे, म्हणजे ज्याने आपल्या खात्याने प्रवेश केला आहे त्याचे स्वतःचे. दोन्ही कपाटांत 'सॉफ्टवेअर' आणि त्याच्या आत 'क्लासेस' नावाचा कप्पा असतो. मेनू तयार करताना विंडोज हे दोन्ही कप्पे एकत्र वाचते, आणि दोहोंत एकाच नावाची परंतु वेगळी नोंद आढळली तर वापरणाऱ्याची स्वतःची नोंद ग्राह्य धरते. म्हणून सामान्य विद्यार्थ्याने आपल्या कपाटातच लिहावे. तेथील चुकीची झळ इतरांच्या खात्यांना लागत नाही.

प्रत्यक्ष कृती

सर्वांत सोपा मार्ग आधी सांगतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड बसवताना एका पडद्यावर काही चौकोन दिसतात. त्यांतील दोन चौकोन राइट क्लिकच्या मेनूचे आहेत. एक फाइलसाठी, दुसरा फोल्डरसाठी. ते आपोआप निवडलेले नसतात, आणि घाईत 'नेक्स्ट' दाबत जाणाऱ्याचे ते हमखास राहून जातात. तसे झाले असेल, तर एडिटर पुन्हा बसवून त्या चौकोनांवर खूण करावी. नोटपॅड प्लस प्लस बसवताना त्याची ओळ बहुधा आपोआप येते.

तथापि हीच गोष्ट एकदा हाताने करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. पुढील नावे संगणकावर रोमन लिपीत दिसतात आणि तशीच लिहायची असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रथम एडिटरचा पत्ता मिळवावा. स्टार्ट मेनूतील त्याच्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. तेथे केवळ शॉर्टकट दिसला, तर त्यावरही तसेच करून मूळ प्रोग्रॅमच्या फाइलपर्यंत जावे. मग शिफ्ट दाबून त्या फाइलवर राइट क्लिक करावे आणि 'कॉपी ॲज पाथ' निवडावे. पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांसह उचलला जातो; टंकलेखनाची चूक होत नाही.

त्यानंतर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर ही अक्षराची कळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत 'रेजएडिट' असे लिहून एंटर दाबावे. नोंदवही उघडेल. डावीकडे 'करंट युजर', त्यात 'सॉफ्टवेअर', त्यात 'क्लासेस' असे आत जावे. क्लासेसवर राइट क्लिक करून 'न्यू' व 'की' निवडावे आणि नव्या कप्प्याला केवळ * हे तारांकन नाव द्यावे. तारांकनाचा अर्थ 'कोणत्याही प्रकारची फाइल'. तो कप्पा आधीच असेल, तर तोच वापरावा. त्याच्या आत 'शेल' हा कप्पा, शेलच्या आत आपल्या पसंतीच्या नावाचा कप्पा आणि त्याच्याही आत 'कमांड' हा कप्पा तयार करावा.

आता केवळ दोन नोंदी उरतात. आपल्या पसंतीच्या कप्प्यात उजवीकडे 'डिफॉल्ट' ही नोंद दिसते. तिच्यावर दोनदा क्लिक करून मेनूत जे शब्द दिसावेत असे वाटते, ते लिहावेत. रजिस्ट्री युनिकोड जाणते. म्हणून हे शब्द मराठीत लिहिता येतात. दुसरी नोंद 'कमांड' कप्प्यातील 'डिफॉल्ट'ची. तेथे उचललेला पत्ता चिकटवावा, एक जागा सोडावी आणि पुढे सरळ दुहेरी अवतरणचिन्हांत टक्क्याचे चिन्ह व त्याला लागून एक हा अंक लिहावा. हा अंक इंग्रजी कळफलकावरचाच हवा. देवनागरी १ तेथे चालत नाही.

या टक्का-एकचा अर्थ काय? शाळेच्या छापील बोनाफाइड दाखल्यावर 'कुमार/कुमारी' या शब्दांपुढे मोकळी जागा असते. दाखला तोच, नाव मात्र प्रत्येकाचे वेगळे. टक्का-एक ही तशीच मोकळी जागा. ज्या फाइलवर आपण राइट क्लिक करतो, तिचा पत्ता विंडोज तेथे भरते आणि एडिटरच्या हाती देते. भोवतालची अवतरणचिन्हेही महत्त्वाची आहेत. फाइलचे नाव 'नावांची यादी' असे दोन शब्दांचे असेल आणि अवतरणचिन्हे नसतील, तर मधली मोकळी जागा पाहून एडिटरला त्या दोन वेगळ्या फायली वाटतात. मग खरी फाइल उघडत नाही, आणि विद्यार्थी समजतो की आपले काम पुसले गेले. हा अनुभव आमच्या मुलांनी घेतला आहे.

नोंदवही बंद करून कोणत्याही फाइलवर राइट क्लिक करावे. आपली ओळ तेथे दिसेल. संगणक पुन्हा सुरू करण्याची गरज पडत नाही.

थोडे अधिक

पूर्ण फोल्डर एडिटरमध्ये उघडायचा असेल, तर तारांकनाऐवजी 'डिरेक्टरी' या कप्प्यात हीच रचना करावी. फोल्डर उघडल्यावर आतील रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून तो एडिटरमध्ये हवा असेल, तर 'डिरेक्टरी'च्या आत 'बॅकग्राउंड' आणि त्याच्या आत 'शेल' हा मार्ग आहे. तेथे टक्का-एकऐवजी टक्क्याच्या चिन्हापुढे व्ही हे रोमन अक्षर लिहावे लागते. कारण रिकाम्या जागेवर क्लिक केल्यावर निवडलेली अशी कोणतीही फाइल नसते.

तारांकनामुळे छायाचित्रांवरही ही ओळ दिसते. छायाचित्र एडिटरमध्ये उघडले, तर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसेल. ते जतन न करता बंद करावे. ओळ केवळ वेबपानांपुरती हवी असेल, तर 'क्लासेस'मध्ये 'सिस्टिम फाइल असोसिएशन्स' हा एकच शब्द जोडून लिहिलेला कप्पा, त्यात टिंबासह एचटीएमएल या नावाचा कप्पा आणि त्यात 'शेल' अशी रचना करावी. आपल्या कप्प्यात 'आयकॉन' नावाची स्ट्रिंग नोंद करून एडिटरचा पत्ता दिला, की ओळीशेजारी त्याचे चिन्ह दिसते. 'एक्स्टेंडेड' नावाची रिकामी स्ट्रिंग नोंद केली, तर ती ओळ शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावरच दिसते. मेनू फार लांबला असेल तर ही सोय उपयोगी पडते.

एका संगणकावर केलेला कप्पा 'एक्सपोर्ट' करून दुसऱ्या संगणकावर नेता येतो. अशी रेग फाइल हाताने लिहिणार असाल आणि तिच्यात मराठी शब्द असतील, तर नोटपॅडमध्ये जतन करताना 'यूटीएफ-१६ एलई' हे एन्कोडिंग निवडावे. अन्यथा मराठी अक्षरांची मोडतोड होते. एडिटर दुसऱ्या संगणकावर वेगळ्या पत्त्यावर बसवलेला असेल, तर 'कमांड'मधील पत्ताही बदलावा लागतो.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्ये राइट क्लिकचा मेनू आखूड झाला. वर सांगितलेल्या पद्धतीने लिहिलेल्या ओळी तेथे पहिल्या यादीत येत नाहीत. 'शो मोअर ऑप्शन्स' निवडल्यावर किंवा फाइल निवडून शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबल्यावर त्या दिसतात. आपली ओळ नाहीशी झाली असे समजून निराश होऊ नये. ती एक पायरी आत गेली आहे. लिनक्सवर ग्नोम असेल, तर हे काम नोंदवहीशिवाय होते. आपल्या होम फोल्डरमधील 'नॉटिलस'च्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरात दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवून तिला चालण्याची परवानगी द्यायची. स्क्रिप्टचे नाव हेच मेनूतील नाव होते, आणि ते मराठीत ठेवता येते.

सावधगिरी

नोंदवहीत लिहिण्याचा अधिकार जबाबदारीसह येतो. बदल करण्यापूर्वी संबंधित कप्पा 'एक्सपोर्ट' करून त्याची प्रत ठेवावी. आपण निर्माण केलेला कप्पाच पुसावा. दुसरा पुसू नये. तो कप्पा पुसला की मेनूतील ओळही जाते, एडिटरला किंवा आपल्या फायलींना काही होत नाही. कोणी पाठवलेल्या अनोळखी रेग फाइलवर दोनदा क्लिक करू नये. आधी ती एडिटरमध्ये उघडून आत काय लिहिले आहे ते वाचावे. तथागतांच्या धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले जाते: या आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा, ही शिस्त विहारात शिकलेल्या मुलांना संगणकशाळेत वेगळी शिकवावी लागू नये.

संपादकाचे स्थान

एडिटर म्हणजे संपादक. या शब्दाला आपल्या समाजाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत'चे संपादन स्वतः केले. इतरांची वृत्तपत्रे वाचूनही काळ कंठता आला असता. पण आपल्याविषयी काय लिहिले जाईल हे इतरांनीच ठरवत राहावे, ही स्थिती त्यांनी मान्य केली नाही. मेनूतील एका ओळीची त्या कार्याशी बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु आपली मुले आज ज्या यंत्रापुढे बसतात, तेथेही केवळ वाचणारे आणि लिहिणारे असे दोन वर्ग पडत आहेत. आपल्या मुलांनी कोणत्या वर्गात बसावे, याचा निर्णय अशाच लहान सवयींतून होत असतो.

त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी वरील सर्व कृती वही समोर ठेवून केली. मेनूत कोणते शब्द लिहायचे, असे तिने मला विचारले. तूच ठरव, असे मी सांगितले. तिने लिहिले: 'दुरुस्तीसाठी उघडा'. मग तिने त्या फाइलवर राइट क्लिक केले, आपली ओळ निवडली, गळालेले अक्षर भरले आणि फाइल जतन केली. ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडले, तेव्हा त्या माजी विद्यार्थ्याचे आडनाव पूर्ण दिसत होते.

माजी विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या संगणकावरील त्या यादीत आपलेही नाव आहे. पुढच्या भेटीत ते अवश्य पाहा. चुकले असेल तर संकोच न करता सांगा. दुरुस्त कोठून करायचे, हे आता आपल्या मुलांना ठाऊक आहे.